दोरीआडची खुर्ची

मी एक जुनी वेताची खुर्ची आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा पारा चढलेला आहे. मागच्या आठवड्यात तुम्ही शाळेबरोबर हे घर बघायला आलात. दोरीवरून माना लांब करून माझ्याकडे पाहिलंत आणि बाईंनी सांगितलं तसं लिहून घेतलंत, 'थोर लेखकाची खुर्ची'. त्यातला 'खुर्ची' एवढाच शब्द बरोबर आहे. बाकी सगळा आनंदीआनंद आहे. म्हणून आज मीच बोलायचं ठरवलंय.

माझा जन्म एका वेतकाम करणाऱ्या म्हाताऱ्याच्या दुकानात झाला. माझा सांगाडा सागवानाचा आहे आणि बैठक वेताच्या सालींची. म्हातारा त्या साली पाण्यात भिजत घालायचा आणि चौकटीच्या भोकांतून उभ्या, आडव्या, तिरप्या अशा विणत जायचा. हात चालू असायचा आणि तोंडही. खुर्ची विणून झाली की तो आपल्या मेहुण्याला हाक मारायचा. मेहुणा अंगापिंडाने चांगला भरलेला होता. त्याने धपकन बसायचं आणि खुर्चीने हूं की चूं करायचं नाही, अशी परीक्षा होती. मी पहिल्याच फटक्यात पास झाले. मेहुणा तर म्हणाला की आता उठावंसंच वाटत नाही, आणि खरंच तो दुपारपर्यंत उठला नाही.

मला विकत घेतलं लेखकाच्या बायकोने. तेव्हा तो कसला थोर आणि कसला लेखक. दिवसभर नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात कागद काळे करायचा. नवऱ्याला नीट बसून लिहिता यावं म्हणून बिचारीने मला आणलं. निघताना म्हाताऱ्याने तिला बजावलं, "वेताला दोनच गोष्टी लागतात, पाणी आणि माणूस. बैठक सैल पडली की उलटी करून खालून ओलं फडकं फिरवा, सावलीत वाळवा. आणि रोज कुणीतरी बसत जा. नातवंडांपर्यंत पुरेल."

आता गंमत ऐका. लेखकाची कंबर होती अधू. बसलं की पाचव्या मिनिटाला कळ यायची. त्यामुळे तो उभ्यानेच लिहायचा. ती समोर खिडकी दिसते ना, तिचा कट्टा चांगला रुंद आहे. त्यावर कागद ठेवायचे, एक पाय खालच्या फळीवर टेकवायचा आणि लिहायचं, असा त्याचा जन्मभराचा खाक्या होता. बायको चिडली. एवढी हौसेने आणली आणि हा ढुंकून बघत नाही. तो म्हणाला, राहू दे इथेच, कुणी ना कुणी बसेल.

आणि लोक बसले हो. पोस्टमन बसला, भाजीवाली टोपली खाली ठेवून बसली, मीटर बघायला आलेला माणूस बसला. शेजारचे गृहस्थ घरात भांडण झालं की येऊन बसायचे आणि जेवायची वेळ झाली की गुपचूप परत जायचे. दारात कुणीही येवो, या घरात पहिलं वाक्य ठरलेलं होतं, आधी बसा. पाणी मागून, कामाचं त्याच्याही मागून. माणूस उभा असला की कामापुरतं बोलतो. टेकला की मनातलं बोलायला लागतो. ते बोलत राहायचे आणि लेखक खिडकीशी पाठमोरा उभा राहून लिहीत असायचा. त्याच्या पुस्तकांतली जी माणसं तुम्हाला धड्यात आहेत, ती सगळी माझ्यावर बसून गेलेली आहेत. तो स्वतः बसायचा तो बुटाची नाडी बांधण्यापुरता.

त्या वर्षांत माझी चैन होती. बायको मला अधूनमधून उलटी करायची, खालून ओलं फडकं फिरवायची, व्हरांड्यात सावलीला ठेवायची. मी ताठ होऊन परत आत यायचे. त्यांची एकुलती एक मुलगी होती, तिला सगळे बबी म्हणत. माझ्या चार पायांना चादर गुंडाळून ती आत बसायची आणि पोस्टमनच्या पायांना गुदगुल्या करायची. पोस्टमनही दर वेळी दचकल्याचं नाटक करायचा.

मग पुस्तकं गाजली आणि घराला पाहुण्यांची रीघ लागली. एकदा एक छायाचित्रकार आला. खिडकीशी उभा राहून लिहिणारा लेखक त्याला काही पटेना. म्हणे, लेखक कसा बसलेला पाहिजे, विचारात बुडालेला. त्याने लेखकाला माझ्यावर बसवलं, मांडीवर कागद दिले, हातात पेन दिलं आणि प्रकाश जमेपर्यंत हलू दिलं नाही. लेखकाची कंबर अशी भरून आली की चेहरा पार पिळवटला. तोच फोटो मोठा झाला, पुस्तकांच्या मागे गेला, आता खाली तिकीट खिडकीवर टांगलाय. लोक त्याच्यापुढे हात जोडून म्हणतात, केवढं हे चिंतन. कसलं चिंतन आणि कसलं काय, तो माणूस कळवळत होता.

पुढे लेखक गेला. मागोमाग बायको गेली. बबी लग्न होऊन दुसऱ्या गावी राहत होती. तिने विश्वासाने हे घर एका समितीच्या हाती दिलं. इथून माझे ग्रह फिरले.

समितीने तो फोटो पाहिला आणि ठरवून टाकलं की लेखकाने जे काही लिहिलं ते माझ्यावर बसून. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांनी कुंड्या ठेवल्या. मला टिकवायचं म्हणून वरून खालून पॉलिशचे जाड हात मारले. त्या पॉलिशने मी चकाकले खरी, पण वेताचा श्वासच बंद झाला. आता ओलं फडकं फिरवलं तरी पाणी आत कुठून जाणार? तसं ते कुणी फिरवतही नाही म्हणा. पाणी तोडलं, माणूस तोडला, वर चारी बाजूंनी दोरी बांधली आणि पाटी लावली, 'कृपया बसू नये'. खुर्चीवर बसू नये. मग काय तिच्यावर कपडे वाळत घालावे?

तेव्हापासून लोक येतात आणि बघतात. एक गृहस्थ बायकोला सांगत होते की लेखक डावखुरे होते, म्हणून माझा डावा हात जास्त झिजलाय. अहो, तो भाजीवालीने झिजवलाय, उठताना ती त्यावरच भार द्यायची. काही तरुण लेखक येतात, डोळे मिटून दोरीशी उभे राहतात आणि म्हणतात की इथे स्पंदनं जाणवतात. कुणाला मी फार लहान वाटते, कुणाला फार मोठी. माझ्याकडे पाठ करून माझ्याबरोबर फोटो काढतात, ते तर मला अजून कळलेलंच नाही.

हेही मी सोसलं असतं. पण मग ताई आली.

ताई म्हणजे या खोलीवर नेमलेली मुलगी. तुमच्यासारखी पोरं तिला ताई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. घर उघडल्यापासून बंद होईपर्यंत दाराशी उभं राहायचं, कुणी मला हात लावत नाही ना ते बघायचं आणि आलेल्यांना माहिती सांगायची, हे तिचं काम. नोकरी कंत्राटी, सहा महिन्यांनी पुन्हा सही झाली तर झाली. नवऱ्याच्या कामाचा भरवसा नाही, आज आहे तर उद्या नाही. आणि तिला दिवस गेले होते.

सुरुवातीला कुणाला कळलं नाही. मला कळलं, कारण दुपारी वर्दळ थांबली की ती चपला काढून भिंतीला टेकायची आणि पावलं चोळायची. महिने सरले तसे तिचे पाय सुजायला लागले. तिने व्यवस्थापकांकडे एक स्टूल मागितलं. व्यवस्थापक तसे वाईट नाहीत, पण व्यवस्थापकपणा त्यांच्या अंगात मुरलाय. ते म्हणाले, प्लॅस्टिकचं स्टूल या खोलीत शोभणार नाही, जुन्या काळाचा भंग होईल. लाकडाचं द्या म्हटलं तर समितीची परवानगी लागेल. आणि समितीच्या अध्यक्षांचं तर ठाम मत आहे की बसलेला कर्मचारी म्हणजे झोपलेला कर्मचारी. तिच्या आधी इथे जो होता, त्याने एकदा नुसती पिशवी माझ्यावर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी तो दिसला नाही. ही गोष्ट ताईला नोकरीच्या पहिल्याच दिवशी ऐकवलेली होती.

आता तुम्हीच सांगा, माझ्या जिवाचं काय होत असेल? चार पाय, दोन हात आणि एक पाठ असलेली मी रिकामी, आणि अवघडलेली बाई माझ्याशेजारी दिवसभर उभी. माझी तळपायाची आग मस्तकात जायची. पण खुर्चीला फार तर कुरकुरता येतं, आणि तेही कुणी बसलं तरच.

एका दुपारी एक म्हाताऱ्या बाई आल्या. पांढरे केस, हातात काठी, बोटांत चुरगळलेलं तिकीट. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ताईने माहिती सुरू केली, की ही थोर लेखकाची खुर्ची, याच खुर्चीत बसून त्यांनी आपलं सगळं लेखन केलं. म्हाताऱ्या बाई ऐकत होत्या आणि गालातल्या गालात हसत होत्या. मी त्या हसण्यावरून ओळखलं. चादरीखालून पोस्टमनला गुदगुल्या करताना ती असंच हसायची. बबी होती ती. दर वर्षी खाली होणाऱ्या समारंभात तिला हार घालून व्यासपीठावर बसवायचे, पण वर या खोलीत कुणी आणायचं नाही. त्या दिवशी ती कुणाला न सांगता, तिकीट काढून आली होती.

ताईचं वाक्य मध्येच तुटलं. तिने दाराची चौकट धरली. चेहरा पांढराफटक पडला होता.

बबीने विचारलं, कितवा महिना. ताई म्हणाली, सातवा सरत आलाय. बबीने खोलीभर नजर फिरवली. सगळ्या खोलीत बसायला माझ्याशिवाय काही नव्हतं. तिने काठी भिंतीला लावली आणि दोरीचा हूक काढला.

"बस," ती म्हणाली.

"नको आजी. माझी नोकरी जाईल."

"मी याच घरातली मुलगी आहे. माझ्या बापाने दारात आलेल्याला कधी उभं ठेवलं नाही. तू तर घरात आहेस. बस बघू."

ताईने एकदा जिन्याकडे पाहिलं. मग माझे दोन्ही हात धरून ती बसली.

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला. इतक्या वर्षांनी माणसाचं ओझं अंगावर आलं, आणि तेही दोन जिवांचं. मला रडूच आलं. पण माझा वेत वाळून काटकी झाला होता. आधी एक साल तुटली, कट्ट. मग दुसरी. मी सगळा भार चौकटीवर घ्यायचा प्रयत्न करत होते. आणखी थोडा वेळ, एवढंच मनात घोकत होते. ताई घाबरून उठायला लागली तर बबीने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला तशीच बसवून ठेवली, पदराने वारा घातला, पर्समधली बाटली काढून पाणी पाजलं. तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला आणि मगच बबीने तिला हात देऊन उठवलं. तोवर बऱ्याच साली गेल्या होत्या. माझ्या बैठकीला मधोमध भोक पडलं होतं.

आवाज खाली गेला असावा. व्यवस्थापक धापा टाकत वर आले. त्यांनी आधी दोरी पाहिली, मग मला पाहिलं, आणि मग ताईकडे असं पाहिलं की माझं लाकूड थंड पडलं. कोण बसलं होतं, असं त्यांनी विचारलं. ताईने तोंड उघडलं. बबीने तिचं मनगट घट्ट धरलं.

"मी बसले होते," बबी म्हणाली. "ही नको नको म्हणत होती. मी ऐकलं नाही."

मग व्यवस्थापकांनी तिला ओळखलं. त्यांची जी तारांबळ उडाली ती बघण्यासारखी होती. चहा सांगू का, हार आणू का, अध्यक्षांना फोन लावू का. बबी म्हणाली, काही नको, ऐका फक्त. तिने त्यांना सगळं सांगितलं. वडील कधीच बसून लिहीत नसत, ही खुर्ची आल्यागेल्याची, त्या फोटोत त्यांची कंबर दुखत होती. व्यवस्थापक मान हलवत होते. शेवटी हात जोडून म्हणाले की बाई, हे बाहेर नका सांगू, तो फोटो विक्रीच्या सगळ्या चहाच्या मगांवर छापून झालाय. बबीने कपाळावर हात मारला. पण जाताना तिने एकच अट घातली. या मुलीला बसायला मिळालं पाहिजे, नाहीतर या घरात पोटुशी बाई उभी ठेवतात हे मी वर्तमानपत्राला सांगेन.

त्या दिवशी ताईची नोकरी वाचली. ताई जिन्यापर्यंत बबीच्या मागे गेली आणि तिच्या पायाशी वाकायला लागली. बबी तिला म्हणाली की आधी स्वतःचे पाय बघ. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे. पण घोडामैदान जवळच होतं.

पहिलं म्हणजे मला दुरुस्त केलं नाही. लेखकाची कन्या बसल्यामुळे तुटलेला वेत आता ऐतिहासिक झाला, म्हणून भोक तसंच जपायचं ठरलं. तशी दुसरी पाटी लागली आणि दोरी दुहेरी झाली. दुसरं म्हणजे स्टुलासाठी समितीची बैठक भरली, ती याच खोलीत. सगळे उभे होते, त्यामुळे बैठक लवकर आटपली. स्टूल द्यावं यावर एकमत झालं, पण ते लेखकाच्या काळातलं असावं, असं अध्यक्ष म्हणाले. मग जुन्या बाजारात शोध सुरू झाला. हे बुटकं, ते पॉलिश उडालेलं, तिसऱ्याचे पाय नव्या पद्धतीचे. इकडे ताईला आठवा लागला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात, ते हेच.

अखेर स्टूल आलं. नक्षीचे पाय, वर मऊ चामडं, असं देखणं की मीही दोन क्षण बघत राहिले. ताईने त्यावरून हळूच हात फिरवला. तेवढ्यात अध्यक्ष ते बघायला आले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, स्टुलाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, इतकी सुंदर वस्तू रोज वापरायला देणं बरं नाही. संध्याकाळपर्यंत स्टुलाला दोरी लागली. 'कृपया हात लावू नये.' आठवड्याभरात कुणीतरी अंदाजही बांधला की लेखक लिहिताना यावर पाय ठेवत असावेत. बाजारातून आणलेलं स्टूल, अजून त्याची पावती व्यवस्थापकांच्या खिशात असेल.

ताई आधी हसली. खूप हसली. मग दोन दोऱ्यांच्या मध्ये उभी राहून तिने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि थेट स्टुलाकडे गेली. हूक काढला, आत शिरली, स्टुलावर बसली आणि आतून हूक परत लावून टाकला. पाटी तिच्या पोटासमोर लोंबत होती.

पहिलं जोडपं आलं. त्यांनी पाटी वाचली, ताईकडे पाहिलं आणि आपोआप आवाज खाली आणला. बाईने नवऱ्याला कुजबुजत विचारलं, खरी आहे की पुतळा. नवरा म्हणाला की तूही ना, कथा वाचलेली नाहीस, ही त्यातली वाट बघणारी बाई आहे. कुठल्या कथेतली, ते त्यालाच माहीत. माझ्यासमोर लोक थांबत नाहीत इतका वेळ ती दोघं ताईसमोर थांबली. तेवढ्यात व्यवस्थापक आले. त्यांचा आ वासला. ते काही बोलणार, तर त्या गृहस्थांनी पुढे होऊन त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले की जिवंत देखावा फार उत्तम साधलाय. व्यवस्थापकांनी ताईकडे पाहिलं. ताईने त्यांच्याकडे पाहिलं, आणि ती उठली नाही.

"धन्यवाद," व्यवस्थापक म्हणाले. "समितीचीच कल्पना."

त्यानंतर बाळंतपणाच्या रजेवर जाईपर्यंत ताई बसून होती. तिच्या पायांची सूज उतरली. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, असं खाली कुणीतरी बोलताना मी ऐकलं. मला आनंद झाला. पण राग काही गेला नाही, मित्रांनो, आणि तो जाऊही नये. घरात एवढी माणसं येत होती, एवढे शहाणे मान डोलवत होते, पण त्या पोरीला बसायला मिळावं म्हणून तिला आधी वस्तू व्हावं लागलं. बाईच्या पायांची काळजी कुणाला नव्हती, देखाव्याची मात्र सगळ्यांना.

तुम्हाला वाटत असेल की मी आता सांगणार, जुन्या वस्तू जपा. मुळीच नाही. आम्हाला पुरेसं जपून झालंय, आमचा जीव जायची वेळ आलीय. ताईच्या जागी सध्या एक निवृत्त आजोबा आले आहेत. गुडघ्यांना पट्टे बांधून येतात. त्या देखाव्यात म्हातारा शोभत नाही, असं समितीने ठरवलंय, म्हणून ते उभे असतात. तुम्ही आलात तेव्हा रांगेत ढकलाढकली करू नका म्हणाले ना, तेच ते. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलं नाहीत, कारण तुम्ही मला बघत होतात. पुढच्या वेळी याल तेव्हा माझ्याकडे पाठ करा आणि त्यांना विचारा, आजोबा, तुम्हाला बसायला काय आहे? जरा मोठ्याने विचारा. कार्यालय खालच्या मजल्यावर आहे.